बेचाळीस काचांची खिडकी

श्रीरामपूरला मी ज्या घरात भाड्याने राहायचो, त्या घरात घड्याळ नव्हतं. घरमालकांच्या मधल्या खोलीच्या छपरात एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली शहाबादी फरशीवर पडायचा आणि दिवसभर हळूहळू सरकायचा. त्याच्या वाटेवर मालकांनी खडूने रेघा मारल्या होत्या. पहिल्या रेघेशी 'चहा' असं लिहिलेलं, पुढे 'पोस्टमन', मग 'भाकर', आणि पलीकडच्या भिंतीला लागून शेवटची रेघ, तिच्याशी 'बास'. ऊन 'बास'वर पोचलं की हातातलं काम, मग ते कुठलंही असो, खाली ठेवायचं. सूर्य बाजू बदलतो, तशा या रेघाही दर पंधरा दिवसांनी पुसून नव्याने माराव्या लागत, आणि ते त्या मन लावून मारत. आभाळ आलं की सगळा कारभार थांबे. अशाच एका दिवशी मी विचारलं, "काका, आज चहा नाही का?"

"अजून वाजला न्हाई, मास्तर," ते म्हणाले.

मी त्यांना काका म्हणायचो. गावात त्यांना काचबाबा म्हणत. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंग काटकुळं, कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा, शाळेत नुकता लागलेला. दोघं एकाच घरात तीन वर्षं राहिलो.

त्या दिवसांत घरोघरी स्टीलची भांडी यायला लागली होती. शाळेच्या संमेलनात मला स्टीलचा पेला बक्षीस मिळाला, तो मी कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "आंधळं भांडं हाय," म्हणाले. "आत काय हाय ते तोंडात गेल्याबिगर कळत न्हाई." स्वतः ते काचेच्या पेल्यातूनच चहा घेत, आणि घेण्याआधी पेला उन्हाकडे धरून पाहत. रंग मनाला आला नाही तर चहा बदलत नसत, पेला बदलत.

त्यांच्या घरातून फुटकी काच बाहेर जात नसे. कंदिलाच्या तडकलेल्या काचेत मोगऱ्याच्या काड्या रुजत असायच्या. सोडावॉटरच्या बाटल्यांतल्या गोट्या उंबऱ्यात बसवलेल्या. न्हाणीच्या एका भिंतीत तर त्यांनी विटांऐवजी बाटल्यांची बुडं चिणली होती, औषधाच्या निळ्या, तेलाच्या हिरव्या, तपकिरी. सकाळी आंघोळीला बसलं की अंगावर रंगीत वर्तुळं पडत. पहिल्या दिवशी मला वाटलं, अंगावर काहीतरी उठलंय.

एकदा आम्ही दोघं नगरहून एसटीने परत येत होतो. त्यांनी तिथे एक मोठी काच घेतली होती, घोंगडीत गुंडाळून शेजारच्या जागेवर नीट टेकवून ठेवली होती. कंडक्टर आला.

"बाबा, हा डाग टपावर टाका."

"टपावर फुटंल."

"मग तिकीट काढा त्याचं. जागा अडवलीय."

"काढतो की. अर्धं द्या."

"अर्धं का?"

"बारा वर्साचं बी न्हाई अजून. परवाच जन्मलंय."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, म्हणाला, "मग मांडीवर घ्या लेकराला." काकांनी खरंच घेतलं. रस्त्यात खड्डा आला की ते दोन्ही हातांनी काच वर उचलून धरत. आपली पाठ आपटली तरी चालेल, काच आपटता कामा नये. लोक पाहत होते, आणि मी पलीकडे बसून खिडकीबाहेर पाहत होतो, जणू या म्हाताऱ्याची आणि माझी काही ओळख नाही. हे मुद्दाम सांगतोय. माझा हा स्वभाव आहे, आणि पुढे जे घडलं त्यात त्याचा हात आहे.

काका मूळचे फोटोवाले. तरुणपणी मिशनमधल्या एका गोऱ्या पादरीसाहेबांचा कॅमेरा खांद्यावरून वाहायचे. वाहता वाहता शिकले. साहेब मायदेशी जाताना कॅमेरा त्यांना देऊन गेला. मग त्यांनी श्रीरामपुरात स्टुडिओ घातला आणि पस्तीसेक वर्षं आसपासच्या गावांचे फोटो काढले. नवरानवरी, पैलवान, साखर कारखान्यातले कामगार, बाप्तिस्म्याची तान्ही मुलं. तेव्हा फोटो फिल्मवर नव्हे, काचेच्या प्लेटीवर निघायचा. प्लेटीच्या एका बाजूला मसाल्याचा पातळ थर असे, माणूस त्या थरात उमटायचा, उलटा, म्हणजे गोरा भाग काळा आणि काळा भाग पांढरा. त्यावरून मग कागदावर सुलटा फोटो काढत.

फिल्म आली, काकांचा स्टुडिओ बंद पडला, आणि प्लेटी उरल्या. त्यांच्याबरोबरीचे बाकीचे फोटोवाले जुन्या प्लेटी सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवत. मसाला सुटून येई आणि कोरी काच तसबिरींसाठी विकली जाई. काकांना ते पटलं नाही. "लोकांची तोंडं धुऊन त्याच्यामागं देव बसवायचा, ह्यो कुटला धर्म?" ते मला म्हणाले होते. हे त्यांनी मला सांगितलेलं होतं. गरम पाण्याची गोष्ट मला माहीत होती.

त्यांनी त्या प्लेटींची खिडकी केली. जुना स्टुडिओ म्हणजेच माझी खोली. तिच्या पूर्वेच्या भिंतीत, ओसरीकडे तोंड करून, सागवानी चौकट; सहा ओळी, ओळीत सात प्लेटी, एकूण बेचाळीस. मसाल्याची बाजू पावसापासून वाचावी म्हणून खोलीच्या आत, कोरी बाजू ओसरीकडे. कोपऱ्यांत निळ्या बाटलीचे तुकडे. ही मांडणी करायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि ती नात्यागोत्यावर नव्हती, उजेडावर होती. पातळ प्लेटी वर, दाट खाली. सावकाराशेजारी हमाल आला होता, पैलवानाशेजारी म्हातारी. एकदा एक गृहस्थ येऊन म्हणाले, माझ्या आईला माझ्या वडिलांशेजारी ठेवा. काका म्हणाले, "जन्मभर शेजारी हुतीच की. आता जरा उजेडाला बसू द्या."

मी पहिल्यांदा त्या खोलीत जागा झालो ती सकाळ आठवते. उन्हं आली होती आणि बेचाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती, काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची, पांढऱ्या बुबुळांची. खोली इतक्या स्वस्तात का मिळाली ते मला कळलं. पण पंधरा दिवसांत सवय झाली, आणि महिन्याभरात मला त्यांच्याशिवाय सकाळ सुनी वाटली असती. नऊच्या सुमाराला नवरीच्या प्लेटीतून ऊन आलं की जमिनीवर तिच्या शालूची नक्षी पडायची. मी वह्या तपासायला मुद्दाम तिथे बसायचो.

दर रविवारी प्रार्थनेला जायच्या आधी काका माझ्या खोलीत येत आणि खिडकी तपासत. तपासायची रीत अशी की खालचा ओठ हलकेच प्लेटीला लावायचा. स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत ते असंच करत आलेले. मसाल्याची बाजू ओठाला किंचित चिकटते, कोरी काच निसटते. दिसत नसताना प्लेटीची बाजू ओळखायला दुसरा उपाय नाही. आता उजेडात त्याची गरज नव्हती, पण दमट हवेने मसाला मऊ पडलाय का ते त्यांना ओठानेच कळे. शेजारपाजारी बोलायचे, म्हातारा काचेचे मुके घेतो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "घेतो की," म्हणाले. "बेचाळीस जनांचे घेतो, तुमच्यासारखं एकाला धरून बसत न्हाई."

आणि घोंगडी. काचेतला माणूस सुलटा पाहायचा असेल तर खोलीच्या आतून त्या प्लेटीमागे काळी घोंगडी धरायची आणि पाहणाऱ्याने बाहेर ओसरीवर उभं राहून जरा तिरकं पाहायचं. काळ्यावर मसाला उजळ दिसतो, चेहरा गोरा होतो, केस काळे होतात, आणि माणूस काचेच्या आत उभा राहतो. कागदावरच्या फोटोसारखा नाही, आत, खोल. खेड्यापाड्यांतून माणसं येत. ज्याचं कोणी गेलेलं असेल तो येई, ओसरीवर उभा राही, काका आत जाऊन घोंगडी धरत. पैसे घेत नसत. मी राहायला आल्यावर घोंगडी धरायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे हात थरथरायला लागले होते.

अशांपैकी एक बाई दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला यायची. माझ्या पहिल्या वर्षी ती आली तेव्हा पस्तिशीची असेल. तिचं माहेर श्रीरामपूरजवळच्या एका वाडीत. लग्नानंतर सहा महिन्यांनी नवऱ्याला उसात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. पुढे घरच्यांनी तिचा पाट लावून दिला, तिकडे तिसगावच्या बाजूला. दुसरा नवरा, त्याची शेती, तीन मुलं. पहिल्याची एकच खूण राहिली होती, खिडकीतल्या तिसऱ्या ओळीतली पाचवी प्लेट. नवा फेटा बांधलेला पोरगा, हात स्टुलावर, स्टुलावर कागदी फुलं. माहेरी जाते म्हणून ती निघायची आणि वाटेत इथे थांबायची. काकांसाठी बोरं आणायची, कधी ओला हरभरा.

मी तिला म्हटलं होतं, "काका याचा कागदावर फोटो काढून देतील. घेऊन जा ना."

"कुटं ठिवू?" ती म्हणाली. "ज्याच्या नावाचं कुकू लावते त्याच्या घरात?"

मी ओशाळलो. ती माझ्यावर रागावली नव्हती. "मास्तर, वर्सातनं येकदा बगते, तेवढंच बरं हाय. हितं हाय, म्हायती हाय. बास." ती काचेसमोर थोडा वेळ उभी राहायची, पदराने डोळे टिपायची, आणि जायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. नगरला लष्कर, म्हणून आमच्या जिल्ह्यात ब्लॅकआउटची शिस्त कडक होती. संध्याकाळी दिवा बाहेर दिसता कामा नये. पहिल्या दिवशी काकांनी आणि मी मिळून खिडकीला आतून दोन घोंगड्या टांगल्या. दुसऱ्या दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला निघाले, तारीख आधीच ठरलेली होती. जाताना म्हणाले, "रोज सांजच्याला टांगा, सकाळी काढा. चिकटवू नका काई."

तीन दिवस मी टांगल्या. स्टुलावर चढायचं, चार खिळ्यांना अडकवायचं, सकाळी परत चढायचं. चौथ्या संध्याकाळी फटीतून उजेड गेला, होमगार्डने शिट्टी वाजवली आणि रस्त्यात उभं राहून मला सुनावलं. "मास्तर असून कळत नाही?" चार लोक ऐकत होते. मी घरात आलो, खळ शिजवली आणि काळा कागद बेचाळीसही प्लेटींवर आतून पक्का चिकटवून टाकला. मसाल्याच्या बाजूने. कंटाळा आला होता आणि लाज वाटली होती, याहून मोठं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून ओसरीवर आलो आणि तिथेच थांबलो. खिडकीवर थेट ऊन पडलं होतं. काचेमागे सगळीकडे काळं होतं, आणि बेचाळीस माणसं एकाच वेळी सुलटी झाली होती. सावकार, हमाल, पैलवान, म्हातारी, शालूतली नवरी, फेटेवाला. घोंगडी एका वेळी एकालाच उजळवायची. इथे सगळं गाव उजेडात येऊन बसलं होतं. निळ्या काचांचे चार कोपरे त्यांना धरून होते. मी जन्मात इतकी सुंदर वस्तू पाहिलेली नाही. रस्त्याने जाणारे थांबले, आत आले. "आरं, ह्यो आमचा चुलता," एकजण म्हणाला. रोज सकाळी माणसं जमायला लागली आणि मी त्यांना समजावून सांगायला लागलो, जणू ते माझंच काम होतं. ज्यांनी दोन वर्षं बसून ते मांडलं होतं, ते नगरला डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते. त्यांनी ते कधीच पाहिलं नाही.

लढाई संपली. काकांचं दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं पत्र आलं, परवा येतो. मला 'चिकटवू नका' हे शब्द आठवले. मी रजा टाकली, बंब पेटवला, जुनी धोतरं गरम पाण्यात भिजवून कागदांवर थापली आणि मुरू दिली. सोडा घातला नव्हता. किती वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो, की मी सोडा घातला नव्हता.

पहिला कागद फार अलगद निघाला. इतका अलगद की मला बरं वाटलं. मग काचेतून पलीकडचा कडुनिंब दिसला, पान न् पान. प्लेट कोरी झाली होती. कागद उलटून पाहिला. दुधावरची साय उचलावी तसा मसाल्याचा थर त्याच्यावर आला होता, आणि त्यात ती म्हातारी होती. तोवर सगळ्याच काचा भिजून गेल्या होत्या. मी एकेक कागद काढत गेलो, पुढचा तरी वाचेल या आशेने. पाच ओळी गेल्या. सगळ्यात वरच्या ओळीवरचं धोतर घसरून पडलं होतं, ते सात कागद कोरडे राहिले. त्यांना मी हात लावला नाही.

पस्तीस ओले काळे कागद माझ्यासमोर पडले होते, प्रत्येकावर एक माणूस. तेव्हा मी जे केलं ते त्या घराबाहेर आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. काकांनी ते पाहू नयेत म्हणून मी ते बंबात घातले. फेटेवाल्याचा कागद हातात आला तेव्हा मी त्याला ओळखलं. ओळखूनही घातला.

काका आले ते डोळ्यांवर हिरवं कापड बांधून. महिना-दीड महिना उजेड बघायचा नव्हता, मग चष्मा मिळणार होता. सकाळी मी त्यांना धरून ओसरीवर आणून बसवायचो. ऊन अंगावर आलं की ते विचारत, "मास्तर, आज कोन उजळलंय?"

आणि मी सांगायचो. मला बेचाळीसही तोंडपाठ होती. "नवरी उजळलीय काका, नथीचा मोती दिसतोय." "पैलवानाच्या खांद्यावर आलंय ऊन." ते मान हलवायचे. "म्हातारीच्या सुरकुत्या?" "दिसताहेत." मी चांगलं सांगत होतो. आठवड्याभरात मला त्यात गोडी वाटायला लागली, हेही कबूल करतो. एखादी नवी गोष्ट मी त्यात घालायचो, पूर्वी लक्षात न आलेली. पदराची किनार, बोटातली अंगठी. ते म्हणायचे, "व्हय, हुती अंगठी."

संक्रांतीच्या आधीचा बाजार आला. मी त्या दिवशी सकाळीच शाळेत निघून जायचं ठरवलं होतं, पण ती आधीच आली. बोरांचं गाठोडं काकांच्या मांडीवर ठेवलं, त्यांच्या डोळ्यांची विचारपूस केली. मग काका म्हणाले, "मास्तर, धरा घोंगडी."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी आत गेलो आणि तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या काचेमागे घोंगडी धरली. कोऱ्या काचेमागे काळं धरलं की काय होतं, ते मला माहीत होतं. मी करून पाहिलं होतं. काचेचा आरसा होतो. बाहेर उभ्या राहिलेल्या त्या बाईला तिचा स्वतःचा चेहरा दिसत असणार होता. मला तिच्याकडे पाहावं लागत नव्हतं. मी घोंगडीमागे होतो.

मग काकांचं विचारणं ऐकू आलं. "दिसला का गं?"

तिच्या बांगड्या काचेला लागल्या.

"दिसला, बाबा," ती म्हणाली.

जाताना ती माझ्या दाराशी आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "त्यांच्या डोळ्याचं हुईस्तवर सांगू नगा. काच हाय, कवा ना कवा जायाचीच." तिला वाटलं असावं, आपसूक काही झालं. मी मान हलवली.

ती गेल्यावर काका बोरं चाचपत बसले होते. "आज रडली न्हाई," म्हणाले. "मास्तर, मी आलो त्या दिवशी तुमी शाळेत गेल्तात. मी आत जाऊन ओठ लावून बगितला. तोंड पोचलं तितक्या सगळ्यास्नी. येक बी चिकटली न्हाई."

मी विचारलं, "मग मी रोज सांगत होतो, तेव्हा तुम्ही..."

"आज सांगंल, उद्या सांगंल म्हनून ऐकत हुतो," ते म्हणाले. "आन तुमी सांगत बी चांगलं हुता. ती अंगठी मी इसरून गेल्तो."

मी त्यांना खळ, कागद, गरम पाणी सगळं सांगितलं. बंबाचं सांगितलं नाही. कागद फेकून दिले म्हणालो.

फेब्रुवारीत त्यांना चष्मा मिळाला, जाड भिंगांचा, आत डोळे माशासारखे मोठे दिसायचे. पहिलं काम त्यांनी वरच्या ओळीतल्या सात प्लेटी उतरवायचं केलं. पसरट ताटात गार पाणी घेतलं, त्यात तुरटी फिरवली. "तुरटीनं मसाला टनक हुतो," म्हणाले. एकेक प्लेट त्यात बुडवून अर्धा दिवस ठेवली. सहा प्लेटींवरचे कागद नुसते सुटून आले, माणसं काचेवर राहिली. सातव्या प्लेटीचा मसाला मात्र कागदाबरोबर निघाला. मी डोळे मिटले. काकांनी तो कागद तसाच पाण्यात पालथा घातला, बोटाने कडा हलवत बसले. ऊन 'भाकर'वरून 'बास'वर गेलं, तरी उठले नाहीत. त्यांना रेघ मोडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. शेवटी मसाला कागदापासून सुटला आणि पाण्यावर तरंगायला लागला, एक लहान मूल, झबलं घातलेलं, पाण्यात हलणारं. काकांनी खालून कोरी काच सरकवली आणि हळूच वर घेतली. मूल काचेवर येऊन बसलं. एका कडेला सुरकुती पडली होती, तेवढीच.

"असं उतरून घेता येतं," ते म्हणाले. "लई सोपं हाय. कागद असले म्हंजे झालं. कुटं टाकले हुते तुमी, उकिरड्यावर? का बंबात?"

मी म्हणालो, "बंबात."

त्यांनी काच उन्हाकडे धरली होती. ती तशीच धरून ते म्हणाले, "लेकरा, फुटलेलं दाखवायचं असतं." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पस्तीस कोऱ्या काचा त्यांनी चौकटीत तशाच ठेवल्या, दुसरं काही बसवलं नाही. सकाळी चष्मा लावून ते माझ्या खोलीत येत आणि त्यांतून रस्त्यावरची माणसं पाहत. "आता सुलटी दिसत्यात, घोंगडी लागत न्हाई," म्हणायचे. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते की खरंच, मला ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. तिसगावकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. ती बाई येणार नाही असं मी धरून चाललो होतो, पण संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला ती आली. हातांना चिंध्या बांधलेल्या. पदराच्या गाठीत मूठभर बोरं.

काकांनी तिला बसवलं. म्हणाले, "पोरी, तुला सांगायचं राहिलंय. त्यो आता काचंवर न्हाई."

"ठावं हाय बाबा. गेल्या साली बगितलं की."

"मग 'दिसला' का म्हनलीस?"

"तुमच्या डोळ्याला कापड हुतं."

"मला बी ठावं हुतं," काका म्हणाले.

दोघं एकमेकांकडे पाहून हसायला लागले, हसता हसता काकांचा चष्मा घसरला. मी दारात उभा होतो. तिने विचारलं नाही कसं गेलं, कोणी घालवलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती, आणि मी ती दुसऱ्यांदा वाया घालवली. जूनमध्ये मी बदली घेऊन श्रीरामपूर सोडलं; तिला मी आजवर सांगितलेलं नाही.

"धरा की वो मास्तर घोंगडी," ती मला म्हणाली. "येवढ्या लांबनं आले."

"काय बगनार गं आता?" काकांनी विचारलं.

"धरू द्या तर खरं."

मी आत गेलो. तिसरी ओळ, पाचवी काच. घोंगडी धरली. बाहेर ती येऊन उभी राहिल्याची चाहूल लागली. घोंगडी आणि काच, एवढंच आमच्या मधे होतं. रस्त्याने एक बैलगाडी गेली, तिचा आवाज लांब गेला.

मग ती म्हणाली, "बाबा, त्यानं मला आता वळकलं नसतं."

माझे हात भरून आले होते. तिने 'बास' म्हणेपर्यंत मी घोंगडी खाली घेतली नाही.